कमरेला बेडूक, पाठीवर टाके: जपानी लोक अंगावर प्राणी का बाळगत?

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. एन-फोर ही परीक्षा झाली, आता तिच्या वरच्या एन-थ्रीच्या मागे लागली आहे. तिच्या सॅकच्या झिपला तीन वस्तू लोंबतात: दात विचकणारं केसाळ लाबुबू, जरीच्या कापडाची चपटी पुरचुंडी आणि करंगळीच्या पेराएवढा लाकडी बेडूक. आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, परवा विचारलंच, "हे काय गं खेळण्यांचं दुकान लावलंयस?" भाची म्हणाली, "आजी, बाहुलं फॅशनचं, पुरचुंडी परीक्षेची आणि बेडूक प्रवासाचा." पुरचुंडी आईला लगेच कळली. "म्हणजे ताईतच की," म्हणाली. बेडूक मात्र तिच्या पचनी पडेना.

सॅकला, पर्सला काहीतरी लटकवायची लाट सध्या सगळीकडे आहे. त्यातलं लाबुबू जपानी नव्हे. हाँगकाँगच्या एका चित्रकाराचं ते, विकते चिनी कंपनी. बेडूक मात्र अस्सल जपानी, आणि त्याच्यामागे तीनएकशे वर्षांची परंपरा आहे. या परंपरेत बेडूक, कोल्हा, वाघ, ड्रॅगन, चतुर, अगदी माणसाची वाईट स्वप्नं खाऊन टाकणारा एक सोंडवाला प्राणीसुद्धा लोकांनी अंगावर बाळगला. कधी कोरून, कधी विणून, कधी रंगवून. शोभा म्हणून की संकट टळावं म्हणून, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. मला वाटतं, त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: प्राणी अंगावर नेमका कुठे बसवलाय? कमरेला, पाठीला, पोटाला की कपड्याच्या आतल्या बाजूला? जागा कळली की बरंचसं कोडं सुटतं.

आधी खिसा

एदो काळ म्हणजे साधारण १६०३ ते १८६८. तोकुगावा घराण्याची सत्ता होती, तिचं केंद्र एदो शहर, म्हणजे आजचं तोक्यो. या काळातले पुरुष किमोनो घालत आणि किमोनोला शिवलेला खिसा नसे. बाहीत किंवा छातीशी कापडाच्या घडीत थोडंफार मावे. पण पैसे, औषधाच्या गोळ्या, शिक्का, तंबाखू हे सगळं ठेवायचं कुठे? आपल्याकडे धोतराला खिसा नव्हता तेव्हा लोकांनी कनवट शोधली, चंची बाळगली, बायकांनी किल्ल्यांचा चांदीचा छल्ला कमरेला अडकवला. जपान्यांनीही कमरच निवडली. कमरपट्ट्याला, ज्याला ते ओबी म्हणतात, दोरीनं बटवा किंवा डबी टांगायची.

दोरी नुसती पट्ट्याच्या मागून वर काढली तर वजनानं सरकून खाली पडेल. आपण पायजम्याच्या नाडीच्या टोकाला गाठ मारतो ती कशासाठी? नाडी आत पळू नये म्हणून. तशीच एक गाठ इथे लागते, फक्त मोठी आणि टणक. दोरीच्या वरच्या टोकाला एखादा ठोकळा बांधला की तो पट्ट्याच्या वरच्या काठावर अडकतो आणि खालचा बटवा लोंबत राहतो. या ठोकळ्याचं नाव नेत्सुके. उच्चार जवळजवळ 'नेत्स्के' असा. 'ने' म्हणजे मूळ, 'त्सुके' म्हणजे जोडणं. लेखात एवढा एकच पारिभाषिक शब्द पुन्हा पुन्हा येईल.

सुरुवातीला एखादं मुळाचं लाकूड, शिंपला, लहान भोपळा असं काहीही चालत असणार. मग तंबाखू आली. ज्या पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली त्यांनीच जपानलाही तिची गोडी लावली. प्रत्येकाच्या कमरेला तंबाखूचा बटवा आणि चिलमीची नळी दिसू लागली. शहरातले व्यापारी गब्बर झाले होते, पण समाजात त्यांचा दर्जा सामुराईंच्या खालचा, आणि कुणी काय नेसावं यावर सरकारी बंधनं. उंची रेशीम मिरवायची चोरी. मग हौस भागवायला उरलं काय, तर तीन-चार सेंटिमीटरचा हा ठोकळा. त्यावर किती खर्च केला हे लांबून कळायचं नाही, जवळ बसलेल्याला बरोबर कळायचं.

ठोकळ्याचा प्राणी कसा होतो

समजा तुम्ही कारागीर आहात आणि गिऱ्हाइकाला बेडूक हवाय. तंगड्या पसरलेला बेडूक कोरलात तर पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या रेशमी पट्ट्याचा धागा निघेल आणि दुसऱ्या दिवशी बेडकाची तंगडी मोडेल. म्हणून नेत्सुकेतला प्राणी नेहमी आवळलेला असतो. उंदीर शेपूट स्वतःभोवती गुंडाळून बसतो, सशाचे कान पाठीला चिकटलेले असतात, बैल पाय पोटाखाली घेऊन रवंथ करतो. थंडीत गोधडीत मुटकुळं करून झोपलेल्या पोरासारखे हे सगळे. हा आकार सौंदर्यदृष्टीतून आलेला आहेच, पण त्याआधी तो कापड फाटू नये या काळजीतून आला आहे.

दुसरी अट अशी की वस्तू कमरेला गोल फिरणार, हातात घेतली जाणार, म्हणून तिला मागची बाजू नसते. पालथी घातली तरी पोटाखालचे पंजे, बोटांच्या पेरांसकट, कोरलेले सापडतात. तिथेच कुठेतरी कारागिराची सही. आणि दोरी ओवायला दोन भोकं. चांगल्या कामात त्यातलं एक थोडं मोठं असतं, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. हुशार कारागीर भोकं पाडतच नाही. वळलेल्या शेपटीच्या फटीतून किंवा दुमडलेल्या पायाच्या कमानीतून दोरी जाईल अशी प्राण्याची बैठकच बेततो.

सिंहाच्या नेत्सुकेत तर एक गंमत असते. जपानी कारागिरांनी सिंह पाहिलेला नव्हता. चीन-कोरियाकडून आलेली कल्पना, निम्मा सिंह निम्मा कुत्रा, मानेवर आयाळीची भोवरेदार वलयं. त्याच्या जबड्यात एक सुटा गोळा असतो. बोटानं ढकलला तर फिरतो, हलवला तर खुळखुळतो, पण दातांच्या फटीतून बाहेर काही येत नाही. कारण तो बाहेरून घातलेलाच नाही. त्याच लाकडाच्या तुकड्यातून, तोंडाच्या आत, कापत कापत सुटा केलेला आहे.

कारागिरांना नावलौकिकही होता. १७८१ मध्ये ओसाकात छापलेल्या एका ग्रंथात पन्नासच्या वर नेत्सुके-कारागिरांची नोंद आहे. त्यात क्योतोच्या तोमोतादाचा बसलेला बैल इतका गाजलेला होता की त्याच्या नकला तेव्हाच बाजारात होत्या. नकली मालाची तक्रार किती जुनी असते पाहा.

बेडूकच का?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. जपानी भाषेत बेडकाला 'काएरु' म्हणतात आणि 'परत येणे' या क्रियापदाचा उच्चारही 'काएरु'च. संपला हिशेब. प्रवासाला निघालेल्याजवळ बेडूक दिला की तो सुखरूप परत येतो, पाकिटात ठेवला की गेलेला पैसा परत येतो.

हे आपल्याला अजब वाटायचं कारण नाही. मराठी घरातून निघताना "जातो" म्हटलं की आजही कुणीतरी दटावतंच, "जातो नाही, येतो म्हणावं." आपण निघण्याच्या शब्दातच परत येणं बांधून टाकलं. जपान्यांनी त्याच शब्दाला चार पाय दिले आणि तो कमरेला बांधला. इसेच्या मोठ्या तीर्थक्षेत्राजवळ फुतामी इथे समुद्रकाठी एक देवस्थान आहे. तिथे बेडूक देवाचे दूत मानले जातात आणि आवारात जिकडेतिकडे बेडकांच्या मूर्ती दिसतात. त्याच इसे भागातल्या यामादा गावचे मासानाओ या नावाचे कारागीर लाकडी बेडकांसाठी प्रसिद्ध होते. दूरदूरहून पायी येणारे यात्रेकरू आणि 'सुखरूप परत जा' असं सांगणारी मुठीत मावणारी वस्तू, यांची जोडी जमायलाच हवी होती.

शब्दांचा हा खेळ जपानी शुभप्राण्यांत फार चालतो. घुबडाचं उदाहरण आपल्याला जास्तच टोचेल, कारण आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन, लक्ष्मीचं वाहन असूनही. जपानीत घुबड म्हणजे 'फुकुरो', आणि त्याच उच्चाराचा 'कष्ट नाहीत' असा अर्थ लागतो. म्हणून तिकडे घुबडाचं लॉकेट आनंदानं भेट देतात. सणासमारंभात मिरवणारा 'ताई' नावाचा मासा शुभ, कारण 'मेदेताई' म्हणजे मंगल. हा कोटीबाजांचा देश आहे, हे ध्यानात ठेवलं की निम्मे प्राणी आपोआप उलगडतात.

उरलेले प्राणी स्वभावावरून ठरतात. चतुर, म्हणजे पावसाळ्याअखेर आपल्याकडे थव्यानं उडतो तोच, मागे वळत नाही असा समज. म्हणून त्याला 'विजयी कीटक' म्हणत आणि सामुराई शिरस्त्राणावर मिरवत. कुत्रीची प्रसूती सोपी होते म्हणून गर्भारपणाच्या पाचव्या महिन्यात, पंचांगातला 'कुत्र्याचा दिवस' पाहून, बाईच्या पोटाला कापडी पट्टा बांधतात. ही चाल आजही आहे. आपल्या डोहाळजेवणासारखाच घरगुती सोहळा, फक्त इथे प्राणी दिसत नाही, तिथी होऊन येतो.

आणि मग तो स्वप्नखाऊ. नाव बाकू. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाची शेपूट, वाघाचे पाय. ब्रह्मदेवानं उरल्यासुरल्या भागांतून जोडावा तसा. मूळ चिनी. तिथे त्याचं चित्र रोगराई आणि दुष्ट शक्ती दूर ठेवी. जपानात येता येता त्याचा आहार ठरला: माणसाची वाईट स्वप्नं. दचकून जाग आली की लहान मुलानं तीनदा म्हणायचं, "बाकूसान, माझं स्वप्न खाऊन टाका." हा प्राणी उशीवर रंगवत, आणि नेत्सुकेतही तो सापडतो. भीती जिथे उशाशी येते तिथेच राखणदार बसवायचा.

पाठीला डोळे नसतात

या सगळ्या प्रकारांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट आकाराने सर्वांत लहान आहे. ती काही टाक्यांची आहे.

किमोनोचं कापड अरुंद पन्ह्याचं येतं, साधारण ३६ सेंटिमीटर. मोठ्या माणसाची पाठ त्यात मावत नाही, म्हणून दोन पट्ट्या जोडतात आणि पाठीच्या मधोमध, कण्यावरून, एक शिवण उतरते. तान्ह्या बाळाची पाठ मात्र एकाच पट्टीत झाकली जाते. शिवण येतच नाही.

शिवणीच्या टाक्यांना जपानीत जो शब्द आहे त्यात 'मे' येतं, आणि 'मे' म्हणजे डोळा. म्हणजे मोठ्यांच्या पाठीवर डोळ्यांची रांगच असते, मागून येणाऱ्या वाईटावर नजर ठेवून. बाळाच्या पाठीला डोळे नाहीत. तिथून काहीही शिरू शकतं. आणि बाळ ते सांगूही शकत नाही.

उपाय सोपा. बाळाच्या किमोनोवर, मानेखाली, आईनं किंवा आजीनं मुद्दाम रंगीत धाग्याचे थोडे टाके घालायचे. काहीही न जोडणारे टाके. पुढे त्यातून नक्षी झाली. टाक्यांच्या जागी करकोचा, कासव असे दीर्घायुषी प्राणी आले. धाग्याचं टोक कधी लांब सोडत. मूल चुलीत किंवा पाण्यात पडायला लागलं तर देवानं त्या टोकाला धरून मागे खेचावं म्हणून, असं सांगतात. या प्रकाराचं नाव 'सेमामोरी': 'से' म्हणजे पाठ, 'मामोरी' म्हणजे रक्षण. मराठीत त्याला तयार शब्द आहे, पाठराखण.

आपण बाळाला काळी तीट लावतो, मनगटात काळे मणी घालतो, पूर्वी ऐपत असलेल्या घरात गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घालत. तीट दृष्ट लावणाऱ्याची नजर समोरून अडवते. सेमामोरी मागची बाजू सांभाळते. दोन्हीकडच्या आज्यांनी जागा वेगळ्या निवडल्या, धास्ती मात्र एकच.

आत दडलेला ड्रॅगन

एदो शहर लाकूड आणि कागदाचं. आग तर पाचवीलाच पुजलेली. १६५७ च्या आगीत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. "आग आणि भांडणं ही एदोची फुलं" अशी म्हणच पडली. १७२० च्या सुमारास वस्तीवस्तीतून अग्निशामकांच्या टोळ्या बांधल्या गेल्या. पाण्याचा मारा करण्यापेक्षा आजूबाजूची घरं पाडून आगीची वाट तोडणं हे त्यांचं मुख्य काम. अंगावर सुती कापडाचे थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं शिवलेला जाड डगला. आपली गोधडीच म्हणा. आगीत शिरण्यापूर्वी तो पाण्यानं चिंब भिजवायचा.

डगल्याची बाहेरची बाजू गडद रंगाची, साधी, फार तर टोळीची खूण. आणि आतून, म्हणजे अंगाला लागणाऱ्या बाजूला, ढगांतून उसळणारा रंगीत ड्रॅगन. ड्रॅगन का, तर पूर्व आशियात तो आग ओकत नाही, पाऊस पाडतो. पाण्याचा स्वामी तो. वाघ, शूर वीर अशीही चित्रं असत. आग विझली की हे लोक डगला उलटा करून घालत आणि चित्र मिरवत घरी परतत.

चित्र आत का ठेवायचं? धुरानं, ठिणग्यांनी खराब होऊ नये हे व्यावहारिक कारण आहेच. उंची कपडा उघड मिरवायला बंदी असलेल्या समाजात अस्तरावर हौस भागवायची सवयही होती. पण आतला ड्रॅगन छातीला टेकलेला असतो. जळत्या छपराखाली उभ्या असलेल्या माणसाला, बघ्यांना तो दिसतो की नाही याच्याशी काय करायचंय?

म्हणजे प्रत्येक प्राण्यामागे काही अर्थ असतोच?

छे. इथे जरा ब्रेक लावू, कारण इंटरनेटवर 'जपानी शुभचिन्हांचे अर्थ' अशा याद्या पाहिल्या की वाटतं प्रत्येक गोगलगायीमागे तत्त्वज्ञान आहे. नेत्सुके ही आधी फॅशनची वस्तू होती. पुष्कळ प्राणी निव्वळ गंमत म्हणून कोरलेले. गुळगुळीत भोपळ्यानं बुळबुळीत माशाला दाबायचा प्रयत्न करणारं माकड हा लोकप्रिय विषय. त्यामागे पंधराव्या शतकातल्या एका झेन चित्राची आठवण आहे, पण विकत घेणारा बहुधा हसण्यासाठीच घेत असावा. कुणी आपल्या जन्मवर्षाचा प्राणी घेई. बारा वर्षांचं चक्र, उंदीर ते रानडुक्कर. कुणी मित्राला चिडवायला घेई.

एकाच प्राण्याचं दोन घरी दोन अर्थांनी नांदणंही चालतं. कोल्हा भाताच्या देवतेचा, इनारीचा दूत. क्योतोच्या फुशिमी इनारीत त्याच्या तोंडात कोठाराची किल्ली दिसते. तोच कोल्हा गोष्टींत सुंदर बाई होऊन नवऱ्याला फसवतो. म्हणून कमरेचा कोल्हा बरकतीचा की विनोदाचा, हे वस्तूवरून दर वेळी ठरवता येत नाही. जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून सावध.

"पण ही अंधश्रद्धाच ना?"

महाराष्ट्रातला वाचक हा प्रश्न विचारणारच. २०१३ पासून आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो होण्यामागे अनेकांचं आयुष्य गेलं आहे. तेव्हा गोडगोड बोलून हा प्रश्न टाळणं बरोबर नाही.

सर्वांत कठीण उदाहरण घेतो. विसाव्या शतकातल्या युद्धांत जपानी सैनिक पोटाला एक पट्टा बांधून जात, 'सेन्निनबारी', म्हणजे हजार जणींचे टाके. घरातली बाई रस्त्याच्या कोपऱ्यावर, स्टेशनबाहेर कापड घेऊन उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विनवी: एक टाका घाला. एकीनं एकच, लाल दोऱ्याची गाठ. अपवाद वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईचा. ती आपल्या वयाइतके टाके घालू शकत असे. कारण म्हण आहे की वाघ हजार कोस जातो आणि हजार कोस परत येतो. काही पट्ट्यांवर वाघाचंच चित्र. काहींत पाच सेनचं नाणं शिवलेलं, कारण चारला 'शी' म्हणतात आणि 'शी' म्हणजे मृत्यू; पाच म्हणजे मृत्यूच्या पुढचं.

दुसऱ्या महायुद्धात २० लाखांहून अधिक जपानी सैनिक मेले. त्यातले कितीतरी पट्टा बांधलेले. वाघ परतला नाही.

मग त्या बायका मूर्ख होत्या का? मला तसं म्हणवत नाही. मुलगा युद्धावर चाललाय, थांबवणं हातात नाही, विरोधात बोलायची सोय नाही. उरलं काय, तर हजार अनोळखी हात. पण दुसरी बाजूही तितकीच खरी: या पट्ट्यानं युद्धाला घराघरातून संमती मिळवून दिली. राजरोस कौतुकाचं काम झालं ते. ज्या प्रतीकानं धीर येतो त्याच प्रतीकाचा सत्तेला छान उपयोग होतो. श्रद्धा निरुपद्रवी कधी आणि कधी नाही, हे ती वस्तू तुम्हाला काय करण्यापासून थांबवते यावरून ठरवावं. बेडूक लटकवून भाची हेल्मेट घालायची थांबली असती तर मीच तो तोडला असता.

सौम्य उदाहरण अगदी अलीकडचं. १८४६ मध्ये हिगो प्रांतात, आजच्या कुमामोतोत, समुद्रातून एक चमकणारा प्राणी वर आला अशी बातमी एका छापील पत्रकात आली. लांब केस, चोच, अंगावर खवले, खाली तीन शेपट्या किंवा पाय. नाव अमाबिए. सहा वर्षं पीक चांगलं येईल, पण रोगही पसरेल, तेव्हा माझं चित्र काढून लोकांना दाखवा, असं सांगून तो बुडाला. पुढे जवळजवळ सगळे त्याला विसरले. २०२० मध्ये करोना आल्यावर जपानी लोकांनी त्याला शोधून काढलं. मास्कवर अमाबिए, बिल्ल्यांवर अमाबिए. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं संसर्ग रोखण्याच्या प्रचारातही त्याचं चित्र वापरलं. मास्कवर अमाबिए असला तरी विषाणू अडवत होता तो मास्कच, आणि हे घालणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी साध्या मास्कपेक्षा तो जास्त आवडीनं घातला गेला असेल, असं मला वाटतं.

यात भारत कुठे सापडतो?

ओढूनताणून नाते जोडायची आपल्याला सवय आहे, म्हणून दोनच धागे सांगतो.

जपानी देवळाच्या दारात मघाच्या त्या सिंह-कुत्र्यांची जोडी असते. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड 'अ' म्हणतं, मिटलेलं 'उन'. हे उच्चार संस्कृतातून, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेले. वर्णमालेचा आरंभ आणि शेवट अशी कल्पना. जपानी माणूस आजही दोघांचं न बोलता जमलं की 'अ-उनचा श्वास' म्हणतो.

दुसरा धागा कातड्याचा. कोफू शहरात हरणाच्या मऊ कातड्यावर लाखेची बारीक ठिपक्यांची नक्षी उठवून बटवे, पाकिटं करतात, त्याला 'इंदेन' म्हणतात. नाव लिहितात त्यातलं पहिलं अक्षर भारतासाठी वापरलं जाणारं, दुसऱ्याचा अर्थ 'आलेलं'. भारताकडून आलेल्या कातड्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. त्यावरची एक जुनी, अजूनही खपणारी नक्षी म्हणजे आपला मघाचा चतुर. कातडं लाखेखाली किंचित खडबडीत लागतं. अंगठा फिरवला की एकेक पंख मोजता येतो.

विकत घ्यायचं तर?

जुने नेत्सुके हस्तिदंताचे पुष्कळ. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, भारतातही त्याची खरेदी-विक्री बेकायदा आहे. तेव्हा परदेशातून 'छोटीशी अँटिक' म्हणून आणायला जाऊ नका. आपल्या घरातल्या जुन्या वाघनखाचीही गोष्ट वेगळी नाही. पणजोबांची आठवण असली तरी वन्यजीव कायदा तिला आठवण म्हणत नाही. लाकडी, शिंगाच्या नव्या कलाकृती करणारे कारागीर जपानात आजही आहेत.

बाजारात रेझिनच्या साच्यातले नेत्सुके ढिगानं मिळतात. ओळखायचं कसं? दोरीची भोकं बघा. दोन्ही सारखी, धारदार कडांची, ड्रिलनं पाडल्यासारखी असतील तर ती वस्तू बहुधा कुणाच्या कमरेला कधी नव्हती. जुन्या वस्तूवर उंचवटे घासून गुळगुळीत झालेले असतात, नाक, पाठ, गुडघे, आणि खाचा गडद राहिलेल्या. पाट्यावरच्या खोलगट झिजेसारखं हे. हाताशिवाय येत नाही. संग्राहक या झिजेला दोष धरत नाहीत, उलट तिचेच पैसे मोजतात. जपानी कारागिरीची नजर बसवायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. हात लावता येणार नाही एवढंच.

आणि परक्यांनी या वस्तू वापरल्या तर कुणाचा अपमान होतो का? देवळातून मिळणारी जरीची पुरचुंडी, ओमामोरी, कुणालाही देतात. दोन पथ्यं पाळायची: ती उघडून आत बघायचं नाही, आणि वर्षभरानं शक्य असेल तर देवळात परत करायची. बेडकाला तर तेवढीही अट नाही.

खिसा आला, मग प्राणी कुठे गेले?

१८६८ नंतर जपानात पाश्चात्त्य कपडे आले आणि त्यांच्याबरोबर खिसा. चिलमीची जागा सिगारेटनं घेतली, तिची पेटी खिशात मावली. कमरेचा बटवा गेला, त्याची गाठही गेली. हजारो नेत्सुके बोटीत बसून युरोप-अमेरिकेला गेले. आज लंडन, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. टांगण्यासाठी जन्मलेले प्राणी मखमलीवर बसले.

शंभरेक वर्षांनी मोबाइल आला. जपानी फोनच्या कोपऱ्यात दोरी ओवायला एक इवलं भोक असे. त्यात मांजर, कोल्हा, घुंगरू, सगळे परतले, आणि देवळांबाहेरच्या दुकानांत त्या लटकनांना नावही जुनंच मिळालं, नेत्सुके. मग स्मार्टफोन आला. त्याला ते भोक नव्हतं.

सॅकच्या झिपला असतं. भाचीच्या बेडकाची दोरी गेल्या महिन्यात तुटली तेव्हा आईनंच तो ओवून दिला, करगोट्याच्या काळ्या दोऱ्यात, दोन गाठी मारून.